पाणी नितळ असेपर्यंत

इंग्रजीतल्या क्लिअर या शब्दाला मराठीत एकच एक शब्द नाही. पाणी क्लिअर असलं तर आपण त्याला नितळ म्हणतो. आभाळ असलं तर निरभ्र, म्हणणं असलं तर स्पष्ट, रस्ता असला तर मोकळा, आणि आरोपातून सुटलेला माणूस असला तर निर्दोष. मंगरुळपीरच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. दुपारी वाचक कमी असत, तेव्हा असा एखादा शब्द घेऊन बसायचं आणि त्याच्या एकेका अर्थाला मराठीत घर शोधून द्यायचं, हा माझा छंद होता. त्याचा कुणाला उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. निवृत्त होऊन आसेगावच्या पलीकडे माझ्या गावी परत आलो तरी सवय सुटली नाही. गावात मला गुरुजी म्हणतात. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही, पण तसं सांगायला गेलो की लोकांना तो विनय वाटतो, म्हणून सांगणं सोडून दिलं.

यंदा श्रावणात वर्षाराणी घरी आली. परीक्षांचा अभ्यास करायला ती आमच्या वाचनालयात यायची. आता पाटबंधाऱ्याकडे इंजिनीअर आहे आणि आमचा गावतलाव तिच्याकडे येतो. तलावाचा बांध मातीचा. मुरूम आणि माती एकत्र दाबून घातलेला. पाऊस यंदा थांबता थांबेना, तलाव काठोकाठ भरला, आणि बांधाच्या पायथ्याशी, अगदी मधोमध, एक झरा सुरू झाला. तिथून थोडं खाली उतरलं की खालची वस्ती लागते.

"सर, मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच," ती म्हणाली. "ते क्लिअर आहे तोवर भीती नाही. क्लिअर राहिलं नाही तर समजायचं, की ते आतून माती घेऊन येतंय. बांध आतून पोखरला जातोय. मग वाट बघायची नाही, खालचा भाग क्लिअर करायचा. मला हे मराठीत पाहिजे. बोर्डावर लिहायचंय. लोकांना वाचल्याबरोबर कळलं पाहिजे."

मी दोन दिवस मागून घेतले. ती हसली, पण दिले.

स्वच्छ लिहिलं असतं तर लोकांनी पिण्याजोगं समजलं असतं. निर्मळ म्हटलं की मन आठवतं. पारदर्शक हा शब्द सरकारी कामात इतका वापरला गेला आहे की आता त्यातून काही दिसत नाही. निवळ म्हणजे गढूळ पाणी बसल्यावर वर राहतं ते. नितळ म्हणजे ज्यातून तळ दिसतो ते. शेवटी असं लिहिलं: 'झऱ्याचा तळ दिसतो तोवर पाणी नितळ आहे, काळजी नाही. तळ दिसेनासा झाला, पाण्याला मातीचा रंग आला, तर ताबडतोब कळवा आणि खालची घरं मोकळी करा.'

बोर्ड लागला त्या दिवशी जगदेवनं तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. जगदेव माझ्या वयाचा, पूर्वी सरपंच होता, आणि अजूनही गावात काहीही त्याला विचारल्याशिवाय होत नाही.

"बेस लिहिलं बे गुरुजी," तो म्हणाला. "पहिल्या डाव तुह्यं लिहिलेलं मले समजलं."

सगळ्यांनाच समजलं. एकानंही चुकीचा अर्थ घेतला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी बरेच दिवस त्या शब्दांत चूक शोधत बसलो होतो, आणि चूक तिथे नव्हतीच.

झऱ्याच्या सगळ्यात जवळचं घर तुळसाबाईंचं. त्या माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी, माझ्या वहिनी. दादा जाऊन खूप वर्षं झाली. झरा लागला तेव्हा तिथं पहिलं फूल त्यांनीच वाहिलं. भोवती दगड लावून लहानशी कुंडी केली, एका दगडाला शेंदूर लावला. डोंगरातून नव्हे, झाडाखालून नव्हे, सपाट जमिनीतून अचानक पाणी वर आलं तर आमच्याकडची बाई दुसरं काय करणार? मग वस्तीतली वैजयंती आली, मग तिच्या माहेरच्या आल्या. इंझोरीकडच्या आल्या. पोहरादेवीला निघालेल्या बाया वाट वाकडी करून यायला लागल्या. येणारी प्रत्येक जण चिमूटभर कुंकू कुंडीत सोडायची, तेच ओलं कुंकू वहिनींनी बोटानं तिच्या कपाळी टेकवायचं, असं होता होता ठरून गेलं. वहिनी स्वतः कुंकू लावत नाहीत. पण देवीचं कुंकू द्यायला त्याच लागत.

नवरात्र बसलं आणि गर्दी वाढली. मी रोज सकाळी बांधावर फिरायला जातो. चौथ्या-पाचव्या माळेच्या सुमारास कुंडीत वाकून पाहिलं तर तळ दिसला नाही. पाणी तांबूस होतं.

"कुंकू हाय ते," जगदेव म्हणाला. नवमीचा भंडारा कुंडीपाशीच ठरला होता आणि तो चुलींची जागा आखत होता. "इतक्या बाया टाकून राह्यल्या, मंग पानी काय पांढरं राहीन?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. कुंकवानं पाणी तांबडंच होणार. अडचण एवढीच होती, की आमच्या बांधातला मुरूमही तांबडाच आहे. मी बोर्डावर मातीचा रंग असं लिहिलं होतं. तो रंग दिसेल तेव्हा त्याला दुसरं नाव तयार असेल, हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी रंग तसाच होता. तिसऱ्या दिवशी थोडा दाट वाटला, की मला तसं वाटलं, हे सांगता येईना. झऱ्याचा आवाज मात्र वाढला होता. पूर्वी तो जवळ गेल्यावर यायचा, आता बांधाच्या माथ्यावर ऐकू येत होता.

अष्टमीला दुपारी मी वर्षाराणीला फोन लावला.

"सर, पाणी क्लिअर आहे का?"

"तांबूस आहे. पण त्यात कुंकूही आहे."

"तुमचा अंदाज काय?"

आयुष्यभर माझ्या अंदाजावर कुणी काही केलेलं नाही, त्यामुळे ते कसं सांगतात हेच मला ठाऊक नव्हतं.

"मी आपल्याच जिल्ह्यात, मालेगावकडच्या तलावांवर आहे," ती म्हणाली. "तिकडंही असंच चाललंय. उद्या दुपारपर्यंत पोचते. सकाळी कुंकू पडायच्या आधी कुंडी रिकामी करून एकदा बघा सर. आणि नक्की वाटलं, तर माझी वाट बघू नका."

संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. त्या ओट्यावर वाती वळत होत्या.

"वहिनी, उद्या सकाळी कुंडी उपसून धुवा. अन माह्यं पाहून होईवरी कोनाले कुंकू टाकू देऊ नका."

"नवमीच्या दिवशी?"

"हो."

"भाऊजी, तुमी घरात राह्यता का पुस्तकाच्या कपाटात? नवमीच्या दिवशी देवीले कुंकू टाकू नका म्हनते."

"पानी लाल हाय."

"लाल राहीनच."

"ते मुरमाचं असंल त?"

"अन नसंल त?"

हाच प्रश्न मी स्वतःला तीन दिवस विचारत होतो. वहिनींनी वात खाली ठेवली.

"तुमचे दादा गेले तवापासून या गावात कोनं मले हळदीकुंकवाले बोलावलं, सांगा बरं. कोनं नाई. तुमची बायको मायाळू होती, तिनंबी नाई. मी कोनाले बोल नाई लावत, रीतच हाय ते. पन आता साऱ्या बाया माह्या हातून कुंकू घेऊन जातात. पाया पडतात. ते मी बंद करू? तुमाले मुरूम दिसला म्हनून?"

"एकच सकाळ, वहिनी."

"एक सकाळ बंद केलं अन काहीच निघालं नाई, त मंग दुसऱ्या दिवशी कोन येईन?"

मी उठलो. त्यांनी वात पुन्हा हातात घेतली, पण वळली नाही.

नवमीला उजाडता उजाडता काचेचा पेला घेऊन मी बांधाखाली गेलो. माझ्या आधी वहिनी तिथं होत्या. कुंडीतली फुलं काढून एका बाजूला ठेवली होती. लोट्यानं पाणी उपसून नारळाच्या शेंडीनं दगड घासले होते. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत लाल.

"या," त्या म्हणाल्या. "भरून राह्यली. पाहा."

कुंडी खालून भरत होती. नवं पाणी. त्यात अजून एक चिमूटही पडली नव्हती, आणि ते बिनदुधाच्या चहासारखं होतं. मी पेला भरून दगडावर ठेवला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं पेल्याच्या तळाशी एक थर बसला. मी पाणी ओतून दिलं आणि थर बोटानं चोळला. कुंकवानं बोट रंगलं असतं. बोट रंगलं नाही, कचकच लागली.

वहिनींनी माझ्या हातातून पेला घेतला, स्वतः बोट घालून पाहिलं आणि पेला परत दिला.

तोवर वस्तीतून बाया निघाल्या होत्या, पुढे वैजयंती, हातात थाळी. पलीकडे जगदेवच्या माणसांनी कणकेचे रोडगे भाजायला गवऱ्या पेटवल्या होत्या आणि धूर बांधाला लागून सरळ वर चढत होता.

"काय बे गुरुजी," जगदेव तिथूनच म्हणाला, "देवीचं पानी तपासून राह्यला का? रिपोट काय आला?"

माणसं हसली.

सगळे शब्द माझ्याजवळ होते. मीच लिहिलेले, माझ्या पाठीमागेच बोर्डावर होते. मी म्हणालो, "जगदेव, मले वाटते…"

"काय वाटते?"

"मले वाटते, का हे पानी…"

"तुले त काहीबी वाटते लेका. मागं तुले वाटलं होतं शाळेचं छत पडते. अजून उभं हाय ते."

पुन्हा हसणं झालं. मी पेला वर धरला. लांबून त्यात काहीच दिसण्यासारखं नव्हतं. वैजयंती कुंडीपाशी पोचली आणि तिनं कुंकवात चिमूट घातली.

"टाकू नको," वहिनी म्हणाल्या.

"काहून, मावशी?"

वहिनींनी आपली थाळी उचलली. त्यांचा आवाज एरवी बारीक आहे. तेव्हा तो चुलींपर्यंत गेला.

"देवी आज खाली कोनाले थांबू देत नाई. समदे वरी शाळेवर चला. लेकरं घ्या, म्हाताऱ्या मानसायले घ्या, ढोरं सोडा. भांडीकुंडी राहू द्या. मी सांगून राह्यली म्हनून चला."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि वळल्या. मला वाटलं होतं त्याहून फार सोपं होतं ते. वैजयंतीनं आधी सासूला उठवलं. मग वस्तीतून एकेक दार वाजू लागलं, शेळ्या ओरडू लागल्या, कुणी खाटेवर म्हातारा घेतला. जगदेव ओरडत राहिला, पण ज्यांच्यासाठी रोडगे भाजायचे तेच निघून चालले होते, तेव्हा त्यालाही निघावं लागलं.

शाळा वर माळावर आहे. चढताना मी वहिनींना हळूच विचारलं, "देवीनं खरंच सांगतलं का?"

"तुमी सांगतलं," त्या म्हणाल्या. "पन तुमचं कोन ऐकते?"

वर पोचल्यावर वर्षाराणीचा फोन आला. पाणी क्लिअर आहे का, असं तिनं पुन्हा विचारलं. मी नाही म्हणालो. फक्त नाही, त्यापुढे 'पण' नाही की 'परंतु' नाही.

"वस्ती?"

"मोकळी झाली."

"मी निघालेच. कुणालाही खाली जाऊ देऊ नका सर, काहीही झालं तरी."

ऊन चढलं. शाळेच्या पटांगणातून सगळं दिसत होतं. पलीकडे तलावाचं पाणी, मध्ये बांध, अलीकडे रिकामी वस्ती, आणि कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या सुड्या. आवाज फक्त झऱ्याचा येत होता. खाली कुठंही काही हललं नाही. बांध होता तसाच होता. लेकरं रडू लागली. बायांचे नऊ दिवसांचे उपास होते, माणसं भुकेजली होती, आणि रोडग्यांचा वास इथवर येत होता.

"भरल्या नवमीले," कुणीतरी म्हणालं, "अन्न टाकून आलो आपन."

"विधवेच्या हातानं देवीचं कराले गेलं का असंच होते," दुसरं कुणी म्हणालं. बाईचाच आवाज होता. काल हीच बाई वहिनींच्या पाया पडली असेल.

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी ते ऐकलं होतं. माझ्या मनात तेव्हा जे आलं ते लिहायला बरं वाटत नाही. बांध फुटावा, असं मला वाटलं. क्षणभर अगदी मनापासून वाटलं. मग त्या वाटण्याचीच भीती वाटली, आणि पेल्यातला थर मी नीट पाहिला होता ना, की तो कुंडी घासताना निघालेला मळ होता, हेही मनात येऊन गेलं.

जगदेव उठला. "मी चाललो. कोन येते? रोडगे जळून राह्यले."

पाचसहा जण उठले. खाली जायला एकच गाडीवाट आहे, दोन्ही बाजूंना काट्यांचं कुंपण. ते तिथवर पोचायच्या आत वहिनी जाऊन वाटेत बसल्या. तोंड आमच्याकडे, पाठ वस्तीकडे. थाळी समोर ठेवली. थाळीत हळद, कुंकू आणि विझलेला दिवा.

"मले ओलांडून जा," त्या म्हणाल्या.

देवीची थाळी घेऊन बसलेल्या बाईला आमच्याकडे कुणी ओलांडत नाही. जगदेव थांबला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं घाम पुसला.

"वहिनी, असं नोका करू. अन्न वाया जाऊन राह्यलं."

"जाऊ द्या."

"अन काहीच झालं नाई त?"

"त सारं गाव मले येडी म्हनंल. तुमाले त्याचं काय?"

तो माझ्याकडे वळला. "अबे, तू त बोल. तुह्यंच हाय ना हे सारं?"

मी बोलणार होतो. काय ते आता आठवत नाही. तेवढ्यात झऱ्याचा आवाज थांबला.

सकाळपासून तो आवाज सगळ्यांच्या कानांत होता, त्यामुळे थांबला तेव्हा सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. शेळ्यासुद्धा गप्प झाल्या. खाली बांधाच्या पायथ्याशी पाणी चमकत होतं ते चमकेनासं झालं.

"पाह्य बे," जगदेव म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू आलं. "थांबलं. देवीनं आयकलं. चला रे."

माणसं मोकळं हसली. एकानं कुंपणाचा काटा बाजूला सारून वहिनींच्या कडेनं पाय टाकायला जागा केली.

"कोनी उतरू नका," मी म्हणालो.

वर्षाराणीनं मला याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. मी ते कुठं वाचलेलंही नव्हतं. पण दोन महिने सतत वाहणारं पाणी एका क्षणात आटत नाही, ते आत कशानं तरी अडतं, एवढं मला त्या वेळी कळलं, आणि त्याबद्दल जराही शंका आली नाही. जगदेव वळून माझ्याकडे बघू लागला. काटा सारणाऱ्या माणसानं पाय मागे घेतला.

मग बांधाच्या उतारावर, कुंडीच्या थोडं वर, गवत आत गेलं. सावली पडावी तसं तिथं काळं भोक दिसू लागलं. त्याच्या वरचा माथा सुंभ सैल झालेल्या खाटेसारखा मध्ये वाकला. आवाज नव्हता. वाकलेल्या जागेवरून आधी पाण्याची एक पातळ पट्टी खाली आली, हातभर रुंद, आणि उन्हात ती फार सुंदर दिसली. मग ती तांबडी झाली. मग तिच्या दोन्ही कडा तुटून पडू लागल्या.

आवाज त्यानंतर आला.

चुलींवरून पांढरी वाफ उठली आणि पुढच्या क्षणी तिथं वाफही नव्हती. बाया ओरडत होत्या की नाही मला सांगता येत नाही. मी वहिनींकडे बघत होतो. त्या तशाच बसल्या होत्या, पाठ तिकडे करून, दोन्ही हात थाळीवर. त्यांनी वळून पाहिलं नाही. त्या आमची तोंडं पाहत होत्या, एकामागून एक. जगदेवचं पाहिलं, वैजयंतीचं पाहिलं, आणि शेवटी माझं.

"भाऊजी, माह्यं घर?" त्यांनी विचारलं.

"गेलं, वहिनी," मी म्हणालो.